बाबांना इकोस्प्रिन, आत्याला ॲसिट्रॉम, मग आयएनआर एकालाच का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही राजापूर तालुक्यातले, गाव खाडीच्या अंगाला. घरात दोन पेशंट. बाबा, वय ७१, गेल्या दिवाळीनंतर हार्ट ॲटॅक येऊन गेला, कोल्हापूरला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवलाय. त्यांना इकोस्प्रिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, रात्री ॲटोरवास्टॅटिन, शिवाय मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल. दुसरी आमची आत्या. तिला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातनं हृदयाची झडप खराब झाली, पुढे मुंबईला ऑपरेशन करून मायट्रल झडप बदलली, धातूची. तिला ॲसिट्रॉम चालू आहे कित्येक वर्षं आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट) करायला तालुक्याला जावं लागतं.

आता भांडण असं आहे की बाबा म्हणतात मी पण रक्त पातळ व्हायची गोळी घेतो, उलट दोन-दोन घेतो, माझं रक्त कोण तपासत नाही मग हिलाच पावसापाण्याचं एसटीने कशाला न्यायचं, लॅबवाल्यांचा धंदा आहे सगळा. आणि आत्याचं वेगळंच, शेजारच्या काकूंच्या मुलाचे सासरे ठाण्याला असतात ते ॲपिक्साबॅन घेतात, त्यांना टेस्टची भानगडच नाही, तर मला ती गोळी का देत नाहीत म्हणून ती डॉक्टरवर रुसलीय.

त्यात श्रावण चालू. आत्याला कोणीतरी सांगितलंय हिरवं काही खायचं नाही, म्हणून टाकळा, अळू, शेवग्याचा पाला सगळं बंद करून बसलीय आणि आम्ही खातो तेव्हा आमच्या ताटाकडे बघते. बाबांची दाढ दुखतेय, डेंटिस्ट म्हणाले पाच दिवस गोळ्या बंद करून या मग काढू. हार्टवाल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत कोणी नीट समजावून सांगेल का या गोळ्या नेमकं करतात काय? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तिथे दोन मिनिटं मिळतात.

---

मेडिकलवाला_भाऊ

खाडीकाठ दादा, मी लांज्याकडे मेडिकल चालवतो, हा प्रश्न काउंटरवर रोज असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे रक्त पाण्यासारखं पातळ बितळ काही होत नाही. गुठळी व्हायला वेळ लागतो, एवढंच. पण तो वेळ कुठे लावायचा ते दोन गोळ्यांचं वेगळं आहे.

खारजमिनीचा बांध फुटला की काय करतात बघितलंय ना, आधी हाताला येतील ते दगड भगदाडात टाकतात, मग त्यावर चिखल लिंपून घट्ट करतात. रक्तात दगडांचं काम प्लेटलेट करतात, त्या जखमेवर येऊन चिकटतात आणि एकमेकींना बोलावतात. चिखलाचं काम फायब्रिन नावाचे धागे करतात. बाबांच्या दोन्ही गोळ्या दगडांवर काम करतात, आत्यांची गोळी चिखलावर.

बाबांना दगडांवरचीच का, तर हृदयाच्या धमनीत रक्त जोरात वाहतं, तिथे चरबीचा थर फुटला किंवा स्टेंटची उघडी तार लागली की पहिली गर्दी प्लेटलेटचीच होते. आत्यांच्या धातूच्या झडपेला इकोस्प्रिन एकटी पुरत नाही, कारण परक्या धातूवर आणि जिथे रक्त रेंगाळतं तिथे फायब्रिनची गुठळी जमते. ती झडपेत अडकली तर झडप जाम होते, सुटून डोक्यात गेली तर लकवा.

आता टेस्ट. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. ती प्लेटलेटमधलं कॉक्स-१ नावाचं एन्झाइम कायमचं निकामी करते, मग प्लेटलेटला थ्रॉम्बॉक्सेन बनवता येत नाही आणि थ्रॉम्बॉक्सेन नाही तर बाकीच्यांना हाक नाही. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनच्या घराण्यातली रसायनं, प्रोस्टाग्लँडिन, बनणं अडवते हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे ॲस्पिरिन स्वतः रक्तात अर्धा तास पण धड टिकत नाही. पण प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, मरेपर्यंत तशीच राहते. ती जगते ७ ते १० दिवस. म्हणजे रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो आणि रोजची ७५ ची बारकी गोळी त्या नव्यांना पण गप्प करते. डोस ठरलेला, बहुतेक सगळ्यांना सारखा लागू पडतो, भाजी खाल्ली काय आणि मासे खाल्ले काय फरक नाही. मग मोजायचं कशाला?

क्लोपिडोग्रेल दुसऱ्या दारावर बसते, पी२वाय१२ म्हणतात त्या रिसेप्टरवर, ते पण कायमचं. फक्त ती गोळी पोटात जाते तेव्हा कामाची नसते, लिव्हर तिला कामाची बनवतं. त्यामुळे पित्ताच्या गोळीत ओमेप्राझोल टाळतात, ते लिव्हरमधला तोच रस्ता अडवतं. पॅन्टोप्राझोल त्या मानाने बरं. बाबांना पित्ताची कुठली गोळी आहे बघा.

ॲसिट्रॉमचा कारभार पूर्ण वेगळा. लिव्हर गुठळीचे काही घटक बनवतं, २, ७, ९ आणि १० नंबरचे, त्यांना पक्कं करायला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलं की ते के परत वापरायजोगं करावं लागतं आणि हीच परतफेड ॲसिट्रॉम अडवते. म्हणजे गोळीचा परिणाम तुम्ही किती के खाता, लिव्हर कसं आहे, ताप-जुलाब आहेत का, दुसरं काय औषध चालू आहे, या सगळ्यावर हलतो. एकाला दिवसाला १ मिग्रॅ पुरते तर दुसऱ्याला ४ लागते, वजनावरून अंदाज बांधता येत नाही. कमी पडली तर झडप जाम, जास्त झाली तर रक्तस्राव, आणि मधली पट्टी अरुंद. म्हणून मोजतात. बाबांना सांगा, लॅबवाला श्रीमंत होत नाही त्याच्यात.

आणि या औषधाची जन्मकथा सांगितली तर बाबांना पटेल कदाचित. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेलं स्वीट क्लोव्हरचं गवत खाऊन गुरं आतल्या आत रक्त जाऊन मरत होती. १९३३ मध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोचला. त्यातनं आधी डायकुमरॉल सापडलं, मग त्याच घराण्यातलं वॉरफरिन, जे १९४८ मध्ये उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी. ॲसिट्रॉम त्याची सख्खी बहीण. आपल्या माडांच्या बागेत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवतात ना उंदरांना, ते पण त्याच जातीचं, फक्त फार दमदार. उंदीर वडी खाल्ल्याबरोबर मरत नाही, काही दिवस जातात, कारण रक्तात आधीच बनलेले घटक संपायला वेळ लागतो. आत्यांच्या बाबतीत पण तेच, ७ नंबरचा घटक काही तासांत उतरतो पण २ नंबरचा उतरायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून आज डोस बदलला तर उद्याच्या आयएनआरला पूर्ण दिसत नाही.

हो, आणि बाबांच्या स्ट्रिपांवरची नावं नीट वाचा. इकोस्प्रिन एव्ही म्हणजे त्यात ॲटोरवास्टॅटिन पण असतं, इकोस्प्रिन गोल्ड म्हणजे क्लोपिडोग्रेल पण. कॉम्बिनेशनची कॅप्सूल आणि वर सुट्या गोळ्या असं दोन्ही घेणारे माझ्याकडे येतात.

---

मालवणातसून

आमच्या आयेक पण ॲसिट्रॉमच चालू आसा. डॉक्टरांनी सांगल्यानी, भाजी खावा पण सारख्याच अंदाजान खावा, एक दिस टोपभर आणि मगे महिनोभर नाय असा करू नको. आत्येक उपाशी ठेवू नकात रे.

---

हरित_सह्याद्री

एवढी केमिकलं पोटात कशाला? अर्जुनाची साल उकळून सकाळी आणि दोन लसणीच्या पाकळ्या उपाशीपोटी, रक्त आपोआप पातळ राहतं. आमच्या ओळखीत एकाने सगळ्या गोळ्या सोडल्या, ठणठणीत आहे.

---

डॉक्टर_पण_घाटमाथ्यावरचा

फिजिशियन आहे, कार्डिओलॉजिस्ट नव्हे, पण सरळ सांगतो: स्टेंट बसून वर्ष झालेलं नसताना गोळ्या सोडायचा सल्ला इथे देऊ नका. औषध घालून केलेला स्टेंट ही धमनीत ठेवलेली परकी जाळी असते, तिच्यावर आतल्या अस्तराची कातडी चढायला महिने लागतात. तोपर्यंत प्लेटलेटना ती उघडी दिसते. गोळी थांबली की स्टेंटच्या आत अचानक गुठळी होऊ शकते आणि तो ॲटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो, जीव जाण्याचं प्रमाण त्यात भरपूर. लसणीत प्लेटलेटवर थोडा परिणाम करणारे घटक आहेत हे खरं, पण म्हणूनच ती चालू गोळीवर मुठीने खाणं बरं नाही, आणि गोळीच्या जागी तर नाहीच. जेवणातली लसूण खा की.

झाडपाल्याला मी हसत नाही हां. कोकणच्या रानात होते ती सर्पगंधा, तिच्यावर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लड प्रेशरच्या पेशंटवरचा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये तिच्यातनं रिसर्पिन वेगळं काढलं. पण वकीलांनी मोजून डोस दिला, किती प्रेशर उतरलं ते लिहून ठेवलं. आणि कुंपणाला लावतो त्या पिवळ्या कण्हेरीत, बिट्टी म्हणतो आपण, तिच्यात डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या जातीचं विष असतं, बिया खाल्ल्या तर हृदयाचे ठोके बंद पडतात. झाडाचं म्हणजे गरीब, असं काही नसतं.

आता आत्यांचा रुसवा. ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन या गोळ्या थेट १० नंबरच्या सक्रिय घटकाला धरतात, डॅबिगॅट्रान फायब्रिन बनवणाऱ्या थ्रॉम्बिनला धरते. मध्ये व्हिटॅमिन के नाही, म्हणून भाजीचा संबंध नाही, परिणाम अंदाजाबरहुकूम येतो, महिन्याची टेस्ट लागत नाही. ठाण्याच्या सासऱ्यांना बहुतेक एट्रियल फिब्रिलेशन असणार, ठोके अनियमित असतात तो प्रकार, किंवा पायाच्या शिरेतली गुठळी. तिथे या गोळ्या छान चालतात. पण धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रानची चाचणी झाली होती, री-अलाइन नावाची. ती मधेच थांबवावी लागली, कारण वॉरफरिनवाल्यांपेक्षा त्यांच्यात गुठळ्या पण जास्त आणि रक्तस्राव पण जास्त. २०१३ मध्ये छापून आलं. शिवाय आत्यांसारखा संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपांचा आजार, जो आपल्या देशात अजून भरपूर आहे, त्यात एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांवर २०२२ ची इन्व्हिक्टस चाचणी झाली. तिथेसुद्धा रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीवरचे लोक जास्त जगले, आणि त्या पेशंटना धातूची झडप नव्हती, ती तर पुढची पायरी. थोडक्यात आत्यांना महागाची गोळी नाकारलेली नाही, त्यांच्या झडपेला ती धोक्याची आहे.

मायट्रलच्या धातूच्या झडपेला साधारण २.५ ते ३.५ मध्ये आयएनआर ठेवतात. आत्यांचा नेमका आकडा फाईलवर लिहिलेला असेल, तोच धरा, माझा नको.

दाढेबद्दल. डेंटिस्टना नाव ठेवत नाही, रक्ताची भीती त्यांना पण असते. पण एक दाढ काढायला हल्ली सहसा दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच काढतात, टाके घालतात, गॉज दाबून ठेवायला सांगतात, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लावतात. रक्त थोडं जास्त वेळ येतं पण दाबून थांबतं. बंद पडलेला स्टेंट दाबून उघडत नाही. त्यामुळे पाच दिवसांचा निर्णय डेंटिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट यांनी फोनवर बोलून घ्यावा, बाबांनी घरात घेऊ नये. दुखतंय तोवर पॅरासिटामॉल चालेल. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक नको. एक तर पोटात अल्सर होऊन रक्त जातं, आणि आयबुप्रोफेन आधी पोटात गेलं तर ते कॉक्सच्या तोंडावर बसून राहतं, ॲस्पिरिनला आत शिरायलाच मिळत नाही.

---

निवृत्त_लॅबताई

मी ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरी केली, सिंधुदुर्ग-रत्नागिरी दोन्हीकडे. वरची सगळी मंडळी गुठळी कशी थांबवायची ते सांगतायत, मी फुरश्याचं, त्या विषारी सापाचं, सांगते कारण गुठळीचं गणित मला पुस्तकातनं नाही, फुरश्यानेच कळलं.

फुरसं चावलेला माणूस आला की पहिली टेस्ट एकदम साधी. कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. मग एकदाच तिरपी करायची. गोठलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय, अँटीव्हेनम म्हणजे विषावरचं औषध लावा. नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकच्या नळीत उत्तर चुकतं, नवीन पोरांना हे सांगून सांगून तोंड दुखायचं.

आता विचार करा, विषाने रक्त का गोठत नाही? लोकांना वाटतं विष रक्त पातळ करतं. उलट आहे! त्याच्यात एकॅरिन नावाचा घटक असतो तो २ नंबरच्या घटकाला, प्रोथ्रॉम्बिनला, सगळीकडे एकदम चालू करतो. मग अंगभर बारीक बारीक गुठळ्या होऊन फायब्रिनोजेन, ज्यातनं फायब्रिन बनतं ते, संपून जातं, आणि हिरडीतनं लघवीतनं रक्त यायला लागतं तेव्हा गोठवायला मालच उरलेला नसतो. त्यावर अँटीव्हेनमच लागतं, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन तिथे काही होत नाही कारण गडबड केची नाहीच. आत्यांचा आयएनआर फार वर गेला तर मात्र के उपयोगी. दोघांचं रक्त गोठत नाही, पण एकाचा माल उधळला गेलाय आणि दुसऱ्याचा कच्चा बनलाय.

याच फुरश्याच्या विषात एचिस्टॅटिन म्हणून बारकं प्रोटीन आहे, ते प्लेटलेटना एकमेकींचा हात धरू देत नाही. त्याच्या आकाराचा अभ्यास करून टायरोफिबॅन नावाचं इंजेक्शन बनवलं, ते अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी गरज पडली तर आज आपल्याकडे पण देतात. दादा, तुमच्या बाबांना कोल्हापूरला दिलं असेल तर डिस्चार्ज कार्डवर बघा. ज्याला आपण काठीने मारतो त्याच्याच विषाचा नकाशा.

एकॅरिन पण वाया गेलेलं नाही. ते घालून रक्त किती सेकंदात गोठतं ते मोजून डॅबिगॅट्रानचा परिणाम पाहतात, मोठ्या लॅबमध्ये. आमच्याकडे नव्हतं ते.

आयएनआरबद्दल बाबांना अजून एक. पूर्वी नुसते सेकंद द्यायचो, प्रोथ्रॉम्बिन टाइम. पण टेस्टला लागणारं थ्रॉम्बोप्लास्टिन प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून एकाच माणसाचं रक्त रत्नागिरीला एक आणि मुंबईला दुसरंच सांगायचं आणि डोस उगाच बदलला जायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये त्याला एकच पट्टी लावली, ती आयएनआर. म्हणून आत्या मुंबईला भाचीकडे गेल्या तरी तोच आकडा धरता येतो. तरी जमेल तेव्हा एकाच लॅबला करा, आणि निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलीय का बघा, अर्धी भरलेली नळी चालत नाही.

---

महाडचा_बाळ्या

विषय निघालाच आहे म्हणून विषयांतर. आमच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवावर प्राझोसिन वापरलं, ती मुळात ब्लड प्रेशरची गोळी. विंचू चावला की अंगात ॲड्रेनलिनचा पूर येतो, शिरा आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि पोरं जायची. प्राझोसिन आवळलेल्या शिरा सैल करते. लॅन्सेटमध्ये छापून आलं त्यांचं काम, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. साधी स्वस्त गोळी.

आणि बाबांच्या रॅमिप्रिलचं घराणं पण सापाचंच म्हणे ना?

---

डॉक्टर_पण_घाटमाथ्यावरचा

हो, ब्राझीलच्या जराराका सापाचं. त्याच्या विषातल्या पेप्टाइडवरून कॅप्टोप्रिल बनली, १९८१ मध्ये बाजारात आली, रॅमिप्रिल तिच्या मागची. अँजिओटेन्सिन-२ बनवणारं एन्झाइम ती अडवते, शिरा सैल होतात, ॲटॅकनंतर हृदयाचा आकार बिघडणं कमी होतं. बाबांना कोरडी ठसक लागली असेल तर याच गोळीची असू शकते, कफ सिरप पाजत बसू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून देतात. ओठ-जीभ सुजली तर मात्र लगेच दवाखाना.

मेटोप्रोलॉल हृदयाला ॲड्रेनलिनचे चाबूक बसू देत नाही, ठोके संथ ठेवते. ती पण एका दिवसात तोडायची नाही, उलटा झटका बसतो. ॲटोरवास्टॅटिन लिव्हरचं कोलेस्टेरॉल बनवणं अडवते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लोक हीच पहिली बंद करतात. अहो, गोळीमुळे नॉर्मल आलाय तो.

---

खाडीकाठ

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. फुरश्याचं वाचून दाखवलं तर बाबा पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले आपल्या पडवीत दरवर्षी निघतं त्याचं औषध आपल्यालाच दिलं की काय. डिस्चार्ज कार्ड काढून बसलेत.

मेडिकलवाला भाऊ, स्ट्रिपा बघितल्या. कोल्हापूरहून दिलेल्यात इकोस्प्रिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल सुट्या आहेत, पण मागच्या महिन्यात चुलतभावाने मुंबईहून आणल्यात त्या इकोस्प्रिन गोल्ड निघाल्या! म्हणजे बाबा बहुतेक दोन्ही घेत होते. परवा दात घासताना रक्त जास्त आलं म्हणत होते. काय करू?

अजून एक, आशाताई लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस ताप) गोळ्या देऊन गेल्यात शेतात उतरणाऱ्यांना, डॉक्सीसायक्लिन, आत्याने घेतली तर चालेल का, ती पण बांधावर जाते.

---

मेडिकलवाला_भाऊ

दादा, सगळ्या स्ट्रिपांचा फोटो काढून आजच कार्डिओलॉजिस्टकडे व्हॉट्सॲप करा किंवा तिथल्या सिस्टरला फोन लावा, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. घाबरून सगळंच बंद करू नका, दुप्पट होतंय ते थांबवायचं, मूळचं नाही. गोल्डमध्ये ॲटोरवास्टॅटिन पण असते, म्हणजे रात्रीची पण डबल झाली असेल, अंग दुखतंय का विचारा बाबांना. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल, उलटीत रक्त किंवा अचानक जोराचं डोकं दुखलं तर फोन नको, सरळ हॉस्पिटल.

---

डॉक्टर_पण_घाटमाथ्यावरचा

वरच्याला शंभर टक्के दुजोरा.

डॉक्सीसायक्लिनने आयएनआर वर जाऊ शकतो, मेट्रोनिडॅझोल आणि सेप्ट्रान या अँटिबायोटिकनी तर चांगलाच. म्हणजे घ्यायचीच नाही असं नव्हे, लेप्टो काही कमी धोक्याचा नाही. पण आत्यांच्या डॉक्टरांना विचारून, आणि घेतली तर चार-पाच दिवसांत एक जादा आयएनआर. जुलाबाला, तापाला गावच्या दवाखान्यात जाल तेव्हा दारातच सांगायचं, ॲसिट्रॉम चालू आहे, कमरेत सुई नको. स्नायूत रक्त साकळतं. ॲसिट्रॉम संध्याकाळी ठराविक वेळेला घ्यावी, म्हणजे दुपारी रिपोर्ट आला तर त्याच दिवसाचा डोस बदलता येतो. विसरली आणि त्याच रात्री आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्यायची, दोन एकदम नाही.

भाजीचं: आत्यांनी महिनाभर पाला बंद ठेवलाय, म्हणजे के कमी झालंय, आयएनआर वर सरकला असण्याची शक्यता आहे. आता हौसेने एकदम अळूचं फदफदं टोपभर नको. आठवड्याला ठरलेलं, वाटीने, हळूहळू परत सुरू करा आणि पुढच्या टेस्टला डॉक्टरांना ते सांगा, डोस भाजीला जुळवून घेतात, भाजी डोसाला नाही. मासळीत के जवळजवळ नसतंच, श्रावण संपला की बिनधास्त.

---

हरित_सह्याद्री

स्टेंटचं मला ठाऊक नव्हतं. अर्जुनसाल मी माझ्यापुरती घेतो मग.

---

निवृत्त_लॅबताई

घ्या, पण तुमचं प्रेशर मोजून घ्या अधूनमधून.

खाडीकाठ दादा, एक राहिलं. गणपतीच्या आधीच आत्यांचा आयएनआर करून घ्या. त्या दिवसांत बऱ्याच लॅबा अर्धवट चालू असतात, हायवे चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो, आणि ऋषीपंचमीला ऋषीची भाजी होणारच, तिच्यात पाला असतोच. ती आत्यांना वाटीभर वाढा, आणि पुढच्या आठवड्यात परत एक नळी रक्त.